हार्ड डिस्क रिकामी परत देऊ नये

माझे वडील पिशोरला शेती करतात. पोरगी काय करती, असं कुणी विचारलं की ते सांगतात, "इंजिनीअर केली. आता संभाजीनगरात एसीत बसून हॉलंडच्या गायी राखती." लोक हसतात, वडीलही हसतात आणि मला राग येतो, कारण त्यात खोटं काहीच नसतं.

हॉलंडमधली एक कंपनी गोठ्यांमध्ये कॅमेरे बसवते. गाय लंगडायला लागली किंवा तिनं चाऱ्याला तोंड लावलं नाही, तर कॅमेऱ्यानं आपणहून ओळखावं आणि मालकाच्या फोनवर कळवावं, अशी त्यांची योजना आहे. पण गाय म्हणजे काय, हे त्या कॅमेऱ्याला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. ते आम्ही शिकवतो. गोठ्याचा व्हिडिओ पडद्यावर लावायचा, प्रत्येक गायीभोवती माउसनं चौकोन काढायचा आणि बाजूला लिहायचं: उभी, बसलेली, खाते, लंगडते. दिवसभर हेच. कॅमेरा सगळं शिकून शहाणा झाला की आमचं काय होणार, हा प्रश्न आम्ही दुपारच्या चहाला एकमेकांना विचारतो. चहा संपला की परत चौकोन काढायला लागतो.

ऑफिस चिकलठाण्यात. खालच्या मजल्यावर कूलरच्या पत्र्याच्या टाक्या बनतात आणि वर आयटी कंपनी आहे. आमचे सर पुण्यातली चांगली नोकरी सोडून आले, ते आपल्या गावातही आयटी होऊ शकते हे दाखवायला. हॉलंडशी बोलणं सुरू झालं की खाली हमखास पत्रा ठोकायला घेतात. शेजारी बांधकाम चाललंय असं सर त्यांना सांगतात. आमच्या शेजारचं हे बांधकाम कित्येक वर्षं चालू आहे, आणि इतकी प्रचंड इमारत आम्ही नेमकी कसली बांधतोय हे हॉलंडवाल्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही. सभ्य लोक.

आता माझ्यासाठी ही नोकरी काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ नीट कळेल. माझा नवरा शेंद्र्याला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. त्याच्या कंपनीला त्याला चाकणच्या कारखान्यात पाठवायचं होतं आणि त्यालाही जावंसं वाटत होतं. तो अडला होता तो माझ्यामुळं. इथं माझी नोकरी होती आणि अशी दुसरी ह्या शहरात शोधून सापडली नसती. म्हणजे आमचं ऑफिस बंद पडलं असतं, तर आम्ही पुण्याकडं गेलो असतो. आणि सासूबाई गारखेड्याच्या घरात एकट्या राहिल्या असत्या, कारण त्यांचं पक्कं होतं, "मी काय यायची नाय पुण्याला. तितं मान्सं फोन करून घरी येत्यात."

तुम्ही जा मात्र, असंही त्या म्हणायच्या. आठवड्यातून दोनदा तरी म्हणायच्या. भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायच्या, मी कपडे उशिरा वाळत घातले की म्हणायच्या, कारण नसलं तरी म्हणायच्या. "जा की पुण्याला. मला काय धाड भरलीय? सुटंन मी तरी." मला ते खरं वाटायचं. ह्या बाईला आम्ही नकोच आहोत, असं मी माझ्या आईला फोनवर कितीदा सांगितलं असेल.

तर, ती डिस्क. गोठ्यांचे व्हिडिओ इतके मोठे असतात की आमच्या ऑफिसच्या इंटरनेटवरून उतरवायला घेतले तर तोवर त्यातल्या गायी म्हाताऱ्या होतील. म्हणून हॉलंडवाले ते हार्ड डिस्कवर भरून कुरिअरनं पाठवतात. काळी, टणक, स्पंज लावलेली पेटी आणि त्यात तळहाताएवढी डिस्क. आम्ही व्हिडिओ उतरवून घ्यायचे, डिस्क पूर्ण पुसायची आणि रिकामी परत पाठवायची. हे सगळं अत्यंत गुप्त असतं. त्यासाठी आमचं वेगळं प्रशिक्षण झालंय. कोणत्या गोठ्यात कोणती गाय बसली होती, ही गोष्ट हॉलंडबाहेर फुटता कामा नये. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी आमच्या गोठ्याकडं बघून घेतलं. मग म्हणाले, "आपल्या म्हशीला असलं काय सांगू नको."

कुरिअरचं दुकान माझ्या घराजवळ आहे, त्यामुळं डिस्क पोचवायचं काम माझ्याकडं आलं. संध्याकाळी पुसलेली डिस्क घरी आणायची, सकाळी ऑफिसला जाताना दुकानात द्यायची आणि तिथं काउंटरवर त्यांच्यासमोर पेटीला सील लावायचं. त्या दिवशीही पेटी आणून मी टीव्हीजवळ ठेवली. जेवताना सासूबाईंनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, हॉलंडवाल्यांची डिस्क, उद्या परत जायचीय.

त्यांनी विचारलं, आली तवा भरून आली होती का. मी म्हटलं, हो, गच्च भरून. आणि आता जाताना? मी म्हटलं, रिकामी. एकदम स्वच्छ रिकामी, तसा नियमच आहे.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. आमच्या घरात काय पद्धत आहे, ते मला तेव्हा आठवायला हवं होतं. शेजारच्या खालांनी ईदला शीरखुर्म्याचं पातेलं दिलं की ते नुसतं घासून परत जात नाही. त्यात गूळ जातो, मूठभर शेंगदाणे जातात, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी जातेच. त्यात दुधदुभत्याचं भांडं असेल, तर ते रिकामं देणं म्हणजे देणाऱ्याच्या गोठ्याचं वाईट चिंतणं. आणि हे तर चक्क गायीवाल्यांचं भांडं होतं. पण मी दिवसभर चौकोन काढून दमले होते. मी ताट उचललं आणि गच्चीवर कपडे काढायला गेले.

मागं जे झालं ते मला पुढं कळलं. सासूबाईंना पेटीच्या स्पंजात गुळाचा खडा बसवायचा होता. नवऱ्यानं, क्वालिटी खात्यातला माणूस असल्यामुळं, हरकत घेतली. म्हणाला, कस्टमवाले पकडतील, मुंग्या लागतील. मग साखर? तीही नाही, विमानातून पांढरी पूड पाठवली तर नको ते व्हायचं. मग काय घालू म्हणतोस? तेव्हा त्या अक्कलवंतानं तोडगा काढला. सासूबाईंनी वैजापूरच्या त्यांच्या बहिणीसाठी येसराच्या आमटीचा व्हिडिओ केला होता. भाजलेले गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाला दळून येसर करतात, आणि ते लावलेल्या आमटीशिवाय आमच्याकडं लग्नाची पंगत उठत नाही. तो व्हिडिओ त्यानं लॅपटॉपवरून डिस्कमध्ये टाकला. आईचं समाधान झालं, मुंग्यांचा प्रश्न सुटला, आणि मी गच्चीवरून खाली आले तेव्हा दोघं मालिका बघत बसले होते.

डिस्क हॉलंडला पोचली आणि एका सकाळी आमचे सगळे पडदे एकदम लाल झाले. प्रवेश स्थगित, असं इंग्रजीत लिहून आलं. आधी आम्हाला वाटलं वीज गेली. मग सर केबिनमधून बाहेर आले आणि त्यांचा चेहरा बघून कळलं की वीज नाही, कंपनी चाललीय. पुसून पाठवलेल्या डिस्कवर अनोळखी फाइल सापडली होती. हॉलंडच्या सुरक्षा विभागाचं म्हणणं, कुणीतरी मुद्दाम घुसवली. चौकशी होईपर्यंत काम बंद, आणि समाधान झालं नाही तर करार रद्द.

सगळ्यांचे चेहरे उतरले. कुणी पुण्यातल्या भावाला फोन लावला, कुणी हिंजवडीतल्या पेइंग गेस्टचे भाव काढायला लागलं. फाइलमध्ये व्हायरस असणार, चीनचा हात असणार, असं एकानं सांगितलं आणि आम्हाला जरा बरं वाटलं. मोठ्या माणसांनी मुद्दाम आपल्याला निवडलं म्हणजे काहीतरी इज्जत आहे. तेवढ्यात हॉलंडहून त्या फाइलमधलं एक चित्र आलं, ही व्यक्ती ओळखता का, असा प्रश्न घेऊन. सरांनी ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं.

पडद्यावर माझी सासू होती. हातात पळी, कपाळावर घाम, आणि कॅमेऱ्याकडं अशी नजर की चीननंही दोन पावलं मागं सरावं.

सासूबाईंच्या हातची आमटी खायला सगळे कधी ना कधी आमच्या घरी येऊन गेलेले, त्यामुळं ओळख पटायला वेळ लागला नाही. शेजारच्या टेबलावरची शहागंजची माझी मैत्रीण हळूच म्हणाली, "ये तो तुम्हारी सासूमा है ना?" मी नाही म्हणणार होते. पण चित्रात त्यांच्या मागं भिंतीवर माझ्याच लग्नाचा फोटो दिसत होता.

घरी जाऊन मी काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. नवरा पंख्याकडं बघत बसला, जणू त्याची क्वालिटी तपासायची होती. सासूबाईंना एकच कळत नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग रिकामं धाडायचं होतं का?" मी म्हटलं, हो आई, रिकामंच धाडायचं होतं, आणि आता आमचं ऑफिस बंद पडणार. ऑफिस बंद पडणार म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, रुसल्या.

हॉलंडवाल्यांचं पुढचं मागणं ऐकून सर खुर्चीत बसले. फाइल तयार करणाऱ्या व्यक्तीची त्यांना प्रत्यक्ष चौकशी करायची होती, व्हिडिओ कॉलवर.

सासूबाई मोरपंखी पैठणी नेसून आल्या. जिना चढायच्या आधी टाक्यांच्या कारखान्यातल्या मुकादमाला जरा दमानं ठोकायला सांगून आल्या, आणि त्यानं ठोकणं चक्क थांबवलं. हे सरांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. पडद्यावर पलीकडं एक सुरक्षा अधिकारी बाई होती, बारीक, पांढऱ्या केसांची, चष्मेवाली. सर दुभाषी व्हायला तयार होते, पण सासूबाई म्हणाल्या, सरांचं पुणेरी बोलणं मला कळत नाही, सून सांगेल. बाईंनी मान्य केलं, पण एका अटीवर. सगळं रेकॉर्ड होणार होतं आणि नंतर त्यांचा माणूस माझा शब्द न् शब्द तपासणार होता. म्हणजे काही गाळायचं नाही, काही गोड करायचं नाही.

पहिलाच प्रश्न आला, तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून हे केलं. सासूबाई म्हणाल्या, "कुणी कशाला सांगाया पायजे? ही बाई कुणाचं भांडं नुस्तं घासून देती व्हय?" मी इंग्रजीत विचारलं, आपण लोकांची भांडी नुसती घासून परत देता का. बाईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, माझ्याकडं डिशवॉशर आहे.

मग भांड्याची पद्धत समजावण्यात बराच वेळ गेला. चौथ्या मिनिटाला आपण एक गडद पूड उकळत्या द्रवात टाकता, ते काय आहे? येसर. येसर म्हणजे? सासूबाईंनी गव्हापासून सुरुवात केली. गहू कुठला, किती भाजायचा, डाळ वेगळी का भाजायची, सगळं मी शब्दशः सांगितलं. पलीकडं एक जण भराभर लिहून घेत होता. नंतर त्या पुडीचं प्रमाण त्यानं पुन्हा एकदा विचारलं. ते सुरक्षेसाठी होतं की घरच्यासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढचा प्रश्न वाचताना बाई जरा थांबल्या. व्हिडिओत आपण हसून एक वाक्य बोलता, त्याचं भाषांतर आमच्याकडं आलंय, ते बरोबर आहे का ते सांगा. आणि त्यांनी वाचलं. आमची सून कंप्युटरवर गायी राखते, पण तिनं आमटीला फोडणी दिली की सगळी गल्ली खोकते.

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी सासूबाईंना मराठीत विचारलं, तुम्ही हे बोललात का. त्या म्हणाल्या, "मग खोटंय का?" मी इंग्रजीत सांगितलं, भाषांतर बरोबर आहे.

शेवटचा प्रश्न नियमातला होता, सगळ्यांनाच विचारतात. ह्या कृत्यातून आपल्याला काय फायदा होणार होता? मी तो मराठीत सांगितला आणि वाट बघत बसले, की आता ह्या बाई हॉलंडला काय सुनावतात.

सासूबाईंनी पदर सारखा केला. त्या बाईकडं न बघता, माझ्याकडंही न बघता, टेबलाकडं बघून म्हणाल्या, "फायदा म्हंजे, ही दिवेलागणीला घरी येती. दारात चप्पल काढल्याचा आवाज आला की मला कळतं, आली. त्या लोकांचं काम राहिलं तर ही राहती. ही राहिली तर ल्योक राहतो. म्हून म्हणलं, त्यांचं भांडं रिकामं जाऊ नये. नाय तर मी एकटीनं कुणाला सांगू, आमटी तिखट झाली म्हून?"

बाई म्हणाल्या, कृपया भाषांतर करा.

सगळं रेकॉर्ड होत होतं. काही गाळायचं नव्हतं. माझ्याच सासूनं माझ्याबद्दल जे मला कधी सांगितलं नव्हतं, ते मी एका परक्या बाईला, परक्या भाषेत, शब्द न् शब्द सांगितलं. मी चप्पल काढते तेव्हा त्यांना कळतं की मी आले. पलीकडून बाई म्हणाल्या, माफ करा, लाइन मध्येच तुटली, परत सांगाल का. मग परत सांगितलं.

ह्या वेळी त्यांना ऐकू गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि चौकशी संपली म्हणून सांगितलं. सासूबाई मला म्हणाल्या, "इचार की तिला, जेवली का." मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या. सासूबाईंना ते फार लागलं.

काही दिवसांनी पडदे पूर्ववत झाले. घातपाताचा हेतू आढळला नाही, असा निष्कर्ष आला. करारात एक कलम वाढलं, की परत जाणाऱ्या डिस्कवर कोणताही मजकूर, छायाचित्र अथवा पाककृती असता कामा नये. पाककृती हा शब्द असलेला हा आयटीमधला एकमेव करार असावा, असं सर अभिमानानं सांगतात. त्याचं वेगळं प्रशिक्षणही झालं. खाली मुकादम परत पूर्वीसारखा ठोकायला लागला आणि आमच्या शेजारची ती भव्य इमारत पुन्हा चढू लागली. चाकणला जात नाही, असं कंपनीला कळवायचं नवऱ्यानं ठरवलं. मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही, नुसतं कळवून आला. त्याच्या आयुष्यातला हा त्यातल्या त्यात शहाणा निर्णय.

सासूबाईंनी त्या दिवसाचा विषय घरात एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. पुढच्याच आठवड्यात माझ्या हातून दूध उतू गेलं आणि त्यांनी सुरू केलं, "जा की पुण्याला. मला काय धाड भरलीय?"

मी ओटा पुसता पुसता म्हटलं, "आई, तुमचा जबाब हॉलंडला रेकॉर्ड झालाय. आता बदलता येत नाही."

त्यांनी नुसतं माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि राहिलेला ओटा स्वतः पुसला.

काल परत एक डिस्क पुसून घरी आणली होती. सकाळी पेटी पिशवीत टाकली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून मूठ मिटून आल्या. मी पिशवी मागं लपवली. कलम आहे आई, म्हटलं, काही घालायचं नाही.

"तिच्यात नाय घालत," त्या म्हणाल्या. "ती जाऊ दे रिकामी. नेणारी नको रिकामी जायाला." आणि माझा हात ओढून तळव्यावर चिमूटभर साखर ठेवली.

मी साखर तोंडात टाकली आणि दारात चपला घातल्या.